मुकुट नसलेला गरुड

चांदीचा एक गोल काटेरी मुकुट आणि त्याला तिरकी छेदून जाणारी तलवार. पदकावर एवढंच. राजाचं नाव नाही, देशाचं नाव नाही, विजयाची खूण तर नाहीच नाही. १९१८च्या शरदात जनरल अंतोन देनीकिन यांनी हे पदक काढलं, ते त्याच वर्षी फेब्रुवारी ते मे या काळात कुबानच्या गवताळ मैदानांतून वणवण चाललेल्या तुकडीसाठी. रोस्तोवहून निघताना जेमतेम चार हजार माणसं होती. ८० दिवसांच्या वाटचालीत ४४ दिवस लढाईचे गेले. ओल्या कपड्यांवर बर्फ गोठून चिलखतासारखा थर चढायचा, म्हणून या मोहिमेला ‘बर्फातली कूच’ असं नाव पडलं. येकातेरिनोदार शहर घ्यायचं होतं, ते घेता आलं नाही. १३ एप्रिलला एक तोफगोळा थेट सेनापतीच्या घरावर पडला आणि लाव्र कोर्निलोव मेला. सैनिकांनी त्याला गुपचूप पुरलं. मागून आलेल्या लाल तुकड्यांनी प्रेत उकरून काढलं, शहरात फिरवलं आणि जाळलं.

थोडक्यात, पदक दिलं ते फसलेल्या मोहिमेसाठी. तरीही पुढची कित्येक दशकं बेलग्रेडच्या, सोफियाच्या, पॅरिसच्या रशियन वस्तीत म्हाताऱ्या अधिकाऱ्यांच्या कोटावर या काटेरी मुकुटाला जो मान होता, तो जुन्या साम्राज्याच्या मोठमोठ्या पदकांनाही नव्हता.

रशियातल्या कम्युनिस्टविरोधी लष्करी चळवळींचा इतिहास लढायांच्या नकाशावरून नेहमी सांगितला जातो. कोण कुठपर्यंत पोचला, कुणाची रसद कुठे तुटली, इंग्रज-फ्रेंचांनी किती मदत केली, हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण या लोकांची पदकं, बाह्यांवरच्या पट्ट्या, नोटा आणि झेंडे एकापुढे एक मांडून पाहिले, तर नकाशात न दिसणारी एक गोष्ट दिसायला लागते. मरायचं कसं हे या माणसांना पक्कं ठाऊक होतं. राज्य कशासाठी करायचं, हे मात्र त्यांनी ठरवलंच नाही. आणि ही गोष्ट त्यांच्या चिन्हांनी कधी लपवली नाही.

आधी नावाचं पाहू. मराठीत त्यांना काय म्हणावं? ‘गोरे’ म्हटलं तर आपल्या डोळ्यांपुढे साहेब उभा राहतो. ‘श्वेत’ म्हटलं तर पाठ्यपुस्तकाचा वास येतो. मी ‘पांढरे’ म्हणतो. रशियन शब्दही इतकाच साधा आहे. मात्र हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीत बूर्बाँ घराण्याच्या समर्थकांचा रंग पांढरा होता, तिथून ही शिवी उचलून बोल्शेविकांनी ती विरोधकांना चिकटवली. म्हणजे ‘तुम्ही सगळे राजाचे चमचे’. हे लोक स्वतःला ‘स्वयंसेवक’ म्हणवत. पुढे पराभवानंतर परदेशात बसून त्यांनी तीच शिवी अभिमानाने मिरवायला सुरुवात केली.

आपल्याकडे हे पांढरे बहुतेक वेळा लाल बाजूच्या चष्म्यातूनच आले. मुंबईच्या गिरण्यांच्या भागात आणि कार्यकर्त्यांच्या घरांत जी स्वस्त सोव्हिएत पुस्तकं पोचली, त्यांत पांढरा अधिकारी म्हणजे चाबूक, मिशा आणि चकाकते बूट. शोलोखोव्हची डोनवरची कादंबरी ज्यांनी वाचली, त्यांना तेवढा एक अपवाद भेटला. त्या पलीकडे या लोकांचं आपण काही वाचलं नाही, आणि खरं सांगायचं तर वाचायचं कारणही पडलं नाही.

नोव्हेंबर १९१७मध्ये, म्हणजे पेत्रोग्राद बोल्शेविकांच्या हाती गेल्यावर काही दिवसांतच, साठीतला आजारी जनरल मिखाईल अलेक्सेयेव डोन नदीकाठच्या नोव्होचेर्कास्कला पोचला. खिशात जवळजवळ काही नव्हतं. त्याच्याभोवती तरुण अधिकारी, लष्करी शाळांतले कॅडेट, शाळेच्या वरच्या वर्गांतली पोरं गोळा झाली. पुढे देनीकिन आला, मग कोर्निलोव. या गोतावळ्यात राजेशाहीवादी होते, घटनात्मक लोकशाहीवाले कॅडेट पक्षाचे लोक होते, झारला पदच्युत केल्याबद्दल आनंद मानलेले अधिकारी होते आणि थोडेफार समाजवादीही होते. खुद्द कोर्निलोव शेतकरी कोसॅक कुळातला होता, आणि मार्च १९१७मध्ये झारच्या राणीला अटक करायला तोच गेला होता. एवढ्या माणसांना एका रांगेत उभं करायचं, तर एकच उपाय होता: राजा हवा की प्रजासत्ताक, जमीन कुणाची, हे प्रश्न आत्ता सोडवायचेच नाहीत. आधी बोल्शेविकांना हाकलू, मग संविधान सभा काय ते ठरवेल. या धोरणाला रशियनमध्ये एक लांबलचक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘आधीच न ठरवणं’.

न ठरवलेल्या गोष्टीचं चित्र काढायचं कसं? पांढऱ्यांच्या चित्रकारांपुढची अडचण ही होती.

त्यांनी वजाबाकी केली. दोन डोक्यांचा गरुड ठेवला, पण डोक्यांवरचे मुकुट काढले. ही कल्पना त्यांच्या आधीच्या हंगामी सरकारची. १९१७मध्ये इवान बिलिबिन या चित्रकाराने, रशियन परीकथांच्या पुस्तकांमुळे जगभर माहीत असलेल्या माणसाने, पंख खाली सोडलेला, हातात राजदंड नसलेला गरुड काढला होता. टीकाकारांना तो पिसं उपटलेल्या कोंबड्यासारखा वाटला. सायबेरियातल्या पांढऱ्यांचा प्रमुख ॲडमिरल कोल्चाक याच्या राजवटीत १९१९मध्ये ओम्स्कला नवं राजचिन्ह ठरवायला स्पर्धा झाली, तेव्हा पुढे आलेल्या गरुडाच्या डोक्यावर मुकुटाऐवजी क्रूस होता आणि पंजात राजदंडाऐवजी तलवार. राज्यकर्त्याची जागा रिकामी ठेवून तिथे देव आणि युद्ध बसवले, असंच म्हणायचं.

गाण्याचंही तसंच. ‘देव झारला वाचवो’ म्हणायची सोय नव्हती. मग बोर्त्न्यान्स्कीने अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली एक जुनी प्रार्थना राष्ट्रगीतासारखी वापरात आली. पांढरा-निळा-लाल झेंडा साम्राज्याचाही होता आणि हंगामी सरकारनेही ठेवला होता, त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचं भागलं. स्वयंसेवक सेनेत डाव्या बाहीवर याच तीन रंगांची, टोक खाली असलेली कोनाकृती पट्टी शिवायची पद्धत पडली.

आणि नोटा. देनीकिनच्या राज्यात १९१९मध्ये हजार रुबलची नोट निघाली. तिच्यावर क्रेमलिनमधली प्रचंड ‘झार घंटा’ होती. लोकांनी नोटेचं नाव लगेच ‘घुंगरू’ ठेवलं. मॉस्को जिंकायला निघालेल्या सेनेने मॉस्कोची घंटा छापावी, यात नवल नाही. पण ती घंटा आयुष्यात एकदाही वाजलेली नाही. ओतल्यानंतर थोड्याच वर्षांत आगीत तिचा मोठा तुकडा निखळला, आणि तेव्हापासून ती तशीच बसून आहे. नोटेवर तीच घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल, असा विचार मनात येतो खरा.

राजकारणात जे मोकळं सोडलं, ते पलटणींच्या रंगांत भरून निघालं. दक्षिणेतल्या चार नामांकित पलटणींना ‘रंगीत’ म्हणत. कोर्निलोवच्या नावाची काळ्या-लाल रंगांत, मार्कोवची काळ्या-पांढऱ्यात, द्रोझ्दोव्स्कीची किरमिजी-पांढऱ्यात, अलेक्सेयेवची निळ्या-पांढऱ्यात. चारही नावं १९१९च्या सुरुवातीपर्यंत मेलेल्या माणसांची झाली होती. सेर्गेई मार्कोव १९१८च्या जूनमध्ये पडला. अलेक्सेयेव त्याच वर्षी आजाराने गेला. रोमानियातल्या याश शहरापासून डोनपर्यंत सुमारे हजार माणसं चालवत आणणारा मिखाईल द्रोझ्दोव्स्की पायाच्या जखमेत विष भिनून जानेवारी १९१९मध्ये गेला. सेना आपल्या मेलेल्यांच्या नावाने लढत होती. मार्कोवच्या पलटणीचा काळा रंग मातृभूमीच्या सुतकाचा आणि पांढरी किनार तिच्या पुनरुत्थानाच्या आशेची, असं ते सांगत. कोर्निलोव पलटणीच्या बाहीवर निळ्या ढालीत कवटी आणि हाडं होती. ही ढाल खरं तर बोल्शेविकांच्या आधीची, १९१७च्या उन्हाळ्यातली, जेव्हा ही तुकडी जर्मनांविरुद्ध लढायला बांधली होती. कवटीही त्यांची शोधलेली नव्हती, जुन्या घोडदळी पलटणींत ती फिरत आलेली होती. पण यादवीत तिचा अर्थ बदलला. समोरचाही रशियनच होता. कैद करण्याची पद्धत दोन्ही बाजूंनी लवकरच सोडून दिली.

लालांकडे तेव्हा काय होतं? विळा, हातोडा, तारा. कुणाला काय मिळणार हे चित्रातच लिहिलेलं. शेतकऱ्याला आपला विळा त्यात दिसायचा. पांढऱ्यांच्या चिन्हांत त्याला काटे, क्रूस, तलवार आणि कवटी दिसायची. जमिनीचा तुकडा कुठेच दिसत नव्हता. देनीकिन आणि कोल्चाक यांनी जमिनीवर समित्या नेमल्या, मसुदे केले, पण त्यांच्या फौजेच्या मागोमाग जुने जमीनदार परत येत होते आणि गावाने तेवढंच पाहिलं. ऑक्टोबर १९१९मध्ये देनीकिनची फौज ओर्योलला पोचली, मॉस्कोपासून साडेतीनशे किलोमीटरवर. मागे सगळ्या प्रांतात बंडं पेटलेली होती.

सगळ्यांत जास्त रक्त सांडलं ते एका कापडाच्या तुकड्यावरून: खांद्यावरची पट्टी. डिसेंबर १९१७मध्ये बोल्शेविकांनी हुद्दे आणि खांद्यावरच्या पट्ट्या रद्द केल्या. त्या दिवसापासून पट्टी लावणं म्हणजे आपण कुठल्या बाजूचे हे जाहीर करणं. लाल सैनिक त्यांना ‘सोनेरी खांदेवाले’ म्हणत. पकडलेल्या अधिकाऱ्यांच्या खांद्यांवर पट्टीच्या जागी खिळे ठोकल्याच्या हकिकती पांढऱ्यांच्या आठवणींत पुन्हापुन्हा येतात. आणि मग जानेवारी १९४३मध्ये, स्तालिनग्राडची लढाई संपत आलेली असताना, स्तालिनने लाल सेनेला खांद्यावरच्या पट्ट्या परत दिल्या. त्याच वर्षी निघालेल्या ‘कीर्ती पदका’ला सेंट जॉर्जच्या जुन्या फितीचे नारिंगी-काळे रंग लावले. पंचवीसेक वर्षांपूर्वी ज्या पट्टीसाठी माणसं भिंतीला उभी केली, ती आता लाल सेनापतींच्या खांद्यावर चमकत होती. परदेशातल्या म्हाताऱ्या पांढऱ्यांपैकी काहींना याचं इतकं कौतुक वाटलं की १९४५नंतर त्यांनी सोव्हिएत पासपोर्ट घेतले. त्यांतल्या काहींना परतल्यावर छावणीची वाट धरावी लागली.

बोल्शेविकविरोधी म्हणजे सगळे पांढरेच, असं मात्र नव्हतं. १९१८च्या जूनमध्ये समारा शहरात बोल्शेविकांनी उधळलेल्या संविधान सभेच्या सभासदांनी सरकार काढलं. त्यांचा झेंडा लाल होता. त्यांच्या ‘लोकसेने’ने खांद्यावरच्या पट्ट्या लावल्या नाहीत, टोपीवर सेंट जॉर्जच्या फितीचा तुकडा लावला. इझेव्हस्कच्या शस्त्र कारखान्यातल्या कामगारांनी ऑगस्ट १९१८मध्ये बंड केलं आणि पुढे ते कोल्चाकच्या सैन्यात लढले. ते अकॉर्डियन वाजवत, क्रांतीची गाणी म्हणत हल्ल्याला जात असं त्यांच्याबद्दल सांगतात. लाल गाणं म्हणत लालांवर चालून जाणारा कामगार दोन्ही बाजूंच्या पुढच्या इतिहासकारांना अडचणीचाच ठरला. १९२०-२१मध्ये तांबोव प्रांतातले शेतकरी आणि मार्च १९२१मध्ये क्रोनश्टाटचे नाविक बोल्शेविकांविरुद्ध उठले. तेही लाल झेंड्याखालीच. पांढऱ्यांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

सीमेवरच्या भागांत रंग आणखी बदलतात. सायबेरियात पांढरा आणि हिरवा, बर्फ आणि जंगल. डोनच्या कोसॅकांनी १९१८मध्ये आपला निळा-पिवळा-लाल झेंडा काढला: निळा कोसॅकांचा, पिवळा काल्मिकांचा, लाल बाहेरून आलेल्या रशियनांचा. शिक्क्यावर बाण लागलेलं हरीण. आजच्या रोस्तोव प्रांताच्या झेंड्यात तेच तीन रंग आहेत. देनीकिनला ही चिन्हं खुपायची. त्याची घोषणा होती ‘एक, महान, अविभाज्य रशिया’. या शब्दांनी पांढऱ्यांचं किती नुकसान केलं याचा हिशेब अवघड आहे. वायव्येकडच्या पांढऱ्यांचा सेनापती युदेनिच याची फौज १९१९च्या ऑक्टोबरमध्ये पेत्रोग्रादच्या उपनगरांत पोचली होती. फिनलंडचा सेनानी मानरहाइम याने आपल्या सरकारवर आणखी दबाव आणला असता तर काय झालं असतं, हा जुना वाद आहे. पण फिनलंडचं स्वातंत्र्य मान्य करायला कोल्चाक तयार नव्हता. पोलंड, एस्टोनिया, युक्रेन, कुणालाच त्याचे सहकारी नीट आश्वासन देऊ शकले नाहीत. राजाबद्दल ‘नंतर ठरवू’ म्हणणारे हे लोक साम्राज्याच्या सीमेबद्दल मात्र आधीच ठरवून बसले होते.

या सगळ्यात जे रोमँटिक दिसतं, त्याच्या खालची गोष्ट दाबून चालणार नाही. १९१९च्या सप्टेंबरमध्ये कीवजवळच्या फास्तिव गावात देनीकिनच्या कोसॅक तुकड्यांनी ज्यूंची मोठी कत्तल केली, आणि ती एकटी नव्हती. युक्रेनमधल्या त्या वर्षांच्या दंगलींत बहुतेक सगळ्या सैन्यांचे हात रक्ताने माखले. पांढऱ्यांच्या प्रचार खात्याने बोल्शेविक म्हणजे ज्यू असं चित्र खुशाल रंगवलं. वरच्यांनी हुकूम काढून दंगली थांबवायला सांगितलं, पण हुकूम मोडणाऱ्यांना फार क्वचित शिक्षा झाली. काटेरी मुकुट मिरवणाऱ्या सैन्याचा हाही वारसा आहे, आणि त्यांच्या आठवणींच्या जाडजूड खंडांत याला फार थोडी पानं मिळतात.

एक प्रश्न मात्र त्यांना स्वतःलाही छळत होता. सेंट जॉर्जचा क्रॉस परक्या शत्रूशी लढल्याबद्दल मिळायचा. तो रशियनाने रशियनाला मारल्याबद्दल द्यायचा का? कोल्चाकने दिला. दक्षिणेत अधिकाऱ्यांना तो देणं टाळलं गेलं. एप्रिल १९२०मध्ये क्रिमियात प्योत्र व्रांगेलने सूत्रं घेतली आणि सेंट निकोलसच्या नावाने वेगळं पदक काढलं. ते लोखंडाचं होतं, झेंड्याच्या तीन रंगांच्या फितीवर लटकवायचं. लिहिलं होतं: श्रद्धेने रशिया वाचेल. मारलेल्या भाऊबंदाच्या रक्तावर सोनं लावायचं नाही, एवढा संकोच त्या लोखंडात आहे, आणि या सगळ्या वस्तूंमध्ये मला तोच जास्त प्रामाणिक वाटतो.

राजाचं नाव उघडपणे घेतलं गेलं ते अगदी शेवटी आणि अगदी टोकाला. १९२२च्या उन्हाळ्यात व्लादिवोस्तोकमध्ये जनरल दितेरिख्सच्या पुढाकाराने जुन्या पद्धतीची सभा भरली आणि रशियाची गादी रोमानोव्ह घराण्याचीच असं ठरलं. ऑक्टोबरमध्ये शहर लालांच्या ताब्यात गेलं.

हिंदुस्थानी सैनिक या युद्धात थोडक्यात येऊन गेले, हे आपल्याकडे क्वचित कुणाला माहीत असतं. इराणातल्या मश्हदला तळ ठोकून बसलेल्या ब्रिटिश जनरल मॅलसनने १९१८च्या ऑगस्टपासून पंजाबी पायदळाचे आणि हिंदुस्थानी घोडदळाचे सैनिक कॅस्पियनपलीकडच्या वाळवंटात पाठवले. तिथे अश्काबादच्या रेल्वे कामगारांनी बोल्शेविकांना हुसकावून सरकार काढलं होतं आणि त्याचा प्रमुख इंजिन ड्रायव्हर होता. काआख्का, दुशाक अशा रेल्वे स्टेशनांसाठी लढाया झाल्या. पंजाबातल्या शेतकऱ्याचा पोरगा तुर्कमेन वाळवंटात रशियन रेल्वे कामगारांच्या बाजूने रशियन रेल्वे कामगारांशी लढला. १९१९च्या एप्रिलपर्यंत ही तुकडी परत बोलावली गेली.

नोव्हेंबर १९२०मध्ये क्रिमियातून १२६ जहाजं निघाली, सुमारे दीड लाख माणसं घेऊन. मागे राहिलेल्यांना माफीचं आश्वासन मिळालं होतं, आणि त्यांतले हजारो गोळ्या घालून मारले गेले. निघालेल्यांपैकी लष्कराचा गाभा तुर्कस्तानातल्या गालीपोलीच्या ओसाड किनाऱ्यावर तंबूंत राहिला. जनरल कुतेपोव तिथेही रोज कवायत घ्यायचा. सैनिक आधी वैतागले, मग त्यातच त्यांना अर्थ सापडला. तिथे मेलेल्यांसाठी स्मारक बांधायचं ठरलं, तेव्हा प्रत्येकाने एकेक दगड उचलून आणला. या मुक्कामाची खूण म्हणून काळा क्रूस निघाला, त्यावर ‘गालीपोली’ आणि १९२०-२१ ही वर्षं. १९४९च्या भूकंपात स्मारक पडलं, २००८मध्ये पुन्हा उभं राहिलं.

ताफा ट्युनिशियातल्या बिझेर्तला गेला. फ्रान्सने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी, २९ ऑक्टोबर १९२४ला, जहाजांवरचे पांढऱ्यावर निळ्या तिरक्या क्रूसाचे सेंट अँड्र्यूचे झेंडे उतरवले गेले. त्यानंतर जहाजं भंगारात गेली. मागे राहिलेल्या कुटुंबांनी बांधलेलं चर्च अजून त्या गावात आहे.

परदेशात या लोकांनी संघटना बांधली, तिचं नाव रशियन सर्व-लष्करी संघ. कुतेपोवला १९३०मध्ये पॅरिसच्या रस्त्यावरून सोव्हिएत हेरांनी पळवलं. त्याच्या जागी आलेल्या मिल्लरलाही १९३७मध्ये पळवलं आणि मॉस्कोत १९३९मध्ये गोळी घातली. तरुणांना म्हाताऱ्यांची ‘न ठरवण्याची’ पद्धत नकोशी झाली. त्यांतले काही हार्बिनमध्ये रोद्झायेव्स्कीच्या फासिस्ट पक्षात गेले, ज्याच्या खुणेत गरुडाशेजारी स्वस्तिक आलं. काहींनी १९३०मध्ये बेलग्रेडला काढलेल्या संघटनेने राजा व्लादिमिरचा त्रिशूळ उचलला. तोच त्रिशूळ आज युक्रेनचं राजचिन्ह आहे, आणि रशियन राष्ट्रवाद्यांची ही संघटना १९५०च्या दशकात त्याच त्रिशुळाची पत्रकं फुग्यांना बांधून सोव्हिएत हद्दीत सोडत होती. काही तरुण फक्त जुन्या पदकांना पॉलिश करत राहिले. बाकीच्यांनी टॅक्सी चालवली.

पांढऱ्यांची प्रतिमा जिवंत ठेवण्याचं मोठं काम मात्र लालांनीच केलं. १९३४चा ‘चापायेव’ हा चित्रपट सोव्हिएत काळात कोट्यवधींनी पाहिला. त्यात काळ्या गणवेशातले अधिकारी ओळीने, सिगार तोंडात धरून, ढोलाच्या तालावर, कवटीच्या झेंड्याखाली मशीनगनवर चालून येतात. दाखवलेत ते कोल्चाकच्या सैन्यातले जनरल कापेलचे सैनिक, पण त्यांच्याकडे असा गणवेशच नव्हता. हे काळं कापड दूर दक्षिणेकडच्या मार्कोव पलटणीकडून उसनं घेतलेलं आहे. दिग्दर्शकांना भीतीदायक शत्रू हवा होता, पण पडद्यावर आला देखणा शत्रू. १९२६पासून मॉस्कोच्या रंगभूमीवर बुल्गाकोवचं ‘तुर्बिन कुटुंबाचे दिवस’ हे नाटक चाललं आणि ते स्तालिनने अनेकदा पाहिलं. प्रेक्षकांत बसलेल्या कित्येकांचे भाऊ आणि मुलगे त्या गणवेशात मेले होते.

दुसऱ्या महायुद्धाने या चिन्हांवर असा डाग पाडला की तो अजून गेलेला नाही. युगोस्लावियातल्या रशियन निर्वासितांतून १९४१च्या सप्टेंबरमध्ये ‘रशियन कोर’ निघालं. सुरुवातीला साम्राज्याचे जुने गणवेश घालून, रशियात नेऊन लढवलं जाईल या आशेवर. जर्मनांनी त्यांना टिटोच्या पार्टिझानांविरुद्ध रेल्वे आणि खाणी राखायला जुंपलं. एकूण सुमारे १७ हजार माणसं त्यातून गेली. डोनच्या कोसॅकांचा जुना आतामान म्हणजे प्रमुख, कादंबरीकार प्योत्र क्रास्नोव, सत्तरी उलटल्यावर जर्मन गणवेशात गेला. १९४५मध्ये ऑस्ट्रियात इंग्रजांनी कोसॅकांना सोव्हिएत हाती दिलं आणि १९४७च्या जानेवारीत त्याला मॉस्कोत फाशी झाली. त्याच्याशी कित्येक वर्षांचं वैर असलेला देनीकिन युद्धकाळात फ्रान्समधल्या एका गावात राहत होता. त्याने जर्मनांशी सहकार्य साफ नाकारलं. बोल्शेविकांचा द्वेष आणि रशियावर चालून येणाऱ्याला मदत या दोन गोष्टी त्याने एका रांगेत बसवल्या नाहीत.

अंद्रेई व्लासोव पांढरा नव्हता. तो लाल सेनेचा सेनापती होता, मॉस्कोच्या बचावात नावाजलेला, १९४२च्या जुलैत वोल्खोव आघाडीवर पकडला गेलेला. ‘रशियन मुक्ती सेना’ हे नाव दोन वर्षं बहुतेक कागदावरच होतं. सोव्हिएत युद्धकैद्यांतून भरलेल्या विखुरलेल्या तुकड्या जर्मन अधिकाऱ्यांच्या हाताखाली तिची खूण बाहीवर लावत. ती खूण पाहा: पांढऱ्या ढालीवर निळा तिरका क्रूस, भोवती लाल कड. रशियन झेंड्याचे तिन्ही रंग आहेत, पण झेंडा म्हणून नाहीत. स्वतंत्र रशियाची भाषा हिटलरला मान्य नव्हती, त्यामुळे झेंडा तुकडे करून ढालीत लपवावा लागला. नोव्हेंबर १९४४मध्ये प्रागचा जाहीरनामा निघाला तेव्हा युद्ध संपत आलं होतं. मे १९४५मध्ये व्लासोवच्या पहिल्या डिव्हिजनने प्रागच्या उठावात जर्मन एसएसवरच बंदुका रोखल्या, आणि लाल सेना येण्याआधी पश्चिमेकडे निघून गेली. १ ऑगस्ट १९४६ला व्लासोवला फाशी दिली. जर्मनांच्या बाजूने लढलेल्या आणखी एका रशियन सैन्याला, कामिन्स्कीच्या ब्रिगेडला, वॉर्सॉच्या ओखोता वस्तीतल्या बलात्कार आणि खुनांमुळे पोलिश लोक आजही आठवतात.

म्हणूनच १९९१च्या ऑगस्टमध्ये बंड मोडल्यावर मॉस्कोत तिरंगा चढला, तेव्हा जुन्या कम्युनिस्टांना तो ‘व्लासोवचा झेंडा’ वाटला. तरुणांना तो फक्त लाल नसलेला झेंडा होता. पुढच्या दशकांत पांढऱ्यांना पद्धतशीर घरी आणलं गेलं. २००४मध्ये इर्कुत्स्कला, जिथे त्याला १९२०मध्ये गोळ्या घातल्या होत्या तिथेच, कोल्चाकचा पुतळा उभा राहिला. चौथऱ्यावर एक लाल आणि एक पांढरा सैनिक बंदुका खाली करून उभे आहेत. २००५मध्ये देनीकिनला अमेरिकेतून आणून मॉस्कोच्या दोन्स्कोय मठात पुरलं, २००७मध्ये कापेलला हार्बिनहून. पण कोल्चाकला न्यायालयाने निर्दोष ठरवलं नाही, व्लासोवलाही नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये २०१६ला बसवलेली कोल्चाकची पाटी खटल्यानंतर पुढच्याच वर्षी काढावी लागली. लोकांना पांढरे पुतळ्यांतून चालतात, पण त्यांचा प्रश्न न्यायालयात आणलेला चालत नाही.

आता युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजू हीच पेटी उघडून चिन्हं काढतात. २०१४मध्ये दोन्बासमध्ये सैन्य उभं करणारा इगोर गिरकिन त्याआधी पांढऱ्या अधिकाऱ्याच्या वेशात यादवीच्या लढायांची नाट्यरूपं करायचा. समोरच्या बाजूला, २०२२पासून युक्रेनमध्ये लढणाऱ्या रशियनांपैकी ‘स्वयंसेवक कोर’च्या नावातच १९१७च्या सेनेचा शब्द आहे, आणि त्याचा नेता उजव्या टोकाच्या वर्तुळातला आहे. ‘रशियाचं स्वातंत्र्य’ नावाच्या तुकडीने पांढरा-निळा-पांढरा झेंडा घेतला. युद्धविरोधी रशियनांनी फेब्रुवारी २०२२मध्ये पुढे आणलेला हा झेंडा म्हणजे तिरंग्यातून लाल पट्टी काढून टाकलेला. लाल म्हणजे रक्त, असं ते सांगतात. पुन्हा वजाबाकी.

बिलिबिनच्या त्या गरुडाचं काय झालं? १९९२मध्ये नव्या रशियाच्या बँकेने नाणी पाडायला घेतली तेव्हा राजचिन्ह कसं असावं हे ठरलेलं नव्हतं. बँकेने मुकुट नसलेला, पंख खाली सोडलेला तोच गरुड उचलला. १९९३मध्ये तीन मुकुटांचा गरुड देशाचं राजचिन्ह झाला, तरी नाण्यांवर बिलिबिनचाच राहिला, थेट २०१५पर्यंत. २०१६पासून पाडलेल्या नाण्यांवर मुकुट आले. पण जुनी नाणी बाद केलेली नाहीत. मॉस्कोच्या दुकानात सुटे पैसे परत घेतले, तर अजून दोन्ही गरुड एकाच मुठीत येतात.